जुन्या पेट्रोल गाडीचा ऑक्सिजन सेन्सर: बदलण्याआधी उलटतपासणी कशी घ्यायची

चेक इंजिनचा पिवळा दिवा लागतो, गॅरेजमध्ये स्कॅनर जोडला जातो, पडद्यावर ‘ओटू सेन्सर’, म्हणजे ऑक्सिजन सेन्सर, असं काहीतरी येतं आणि तासाभरात नवा सेन्सर बसतो. आठवड्यानं दिवा परत लागतो. हे इतक्या वेळा घडतं, कारण कोडमध्ये सेन्सरचं नाव आलं की तोच बिघडला असं धरलं जातं. प्रत्यक्षात पुष्कळदा सेन्सर खरं तेच सांगत असतो. इंजिनातला धूर सायलेन्सरकडे नेणाऱ्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डची गॅस्केट फुटलेली असते, एक प्लग मिस करत असतो किंवा पावसाळ्यात बॉनेटखाली शिरलेल्या उंदरानं वायर कुरतडलेली असते. म्हणून सेन्सरला आधी बोलतं करायचं, तो सांगतो ते दुसऱ्या कुणाकडून पडताळायचं आणि मगच पाना हातात घ्यायचा.

इथं दिलेली पद्धत साधारण २००० ते २०१७ या काळातल्या, एमपीएफआय (प्रत्येक सिलिंडरला वेगळा इंजेक्टर असलेल्या) इंजिनाच्या, एक किंवा दोन ऑक्सिजन सेन्सर असलेल्या पेट्रोल गाड्यांसाठी आहे. याच गाड्यांना नंतर सीएनजी किट बसवलेलं असलं तरी पद्धत चालते, पण तपासणी पेट्रोलवर करायची. त्याचं कारण पुढे येईल. डिझेल गाडीला यातलं काही लागू नाही.

सेन्सर नेमकं काय मोजतो

सेन्सरच्या टोकाला झिर्कोनियाची, म्हणजे एका खास सिरॅमिकची, टोपणासारखी कुपी असते. तिची बाहेरची बाजू सायलेन्सरमधल्या धुरात असते आणि आत बाहेरची ताजी हवा असते. कुपी ३०० अंशांच्या वर तापली की दोन्ही बाजूंच्या ऑक्सिजनमधल्या फरकानुसार ती स्वतः व्होल्टेज तयार करते. धुरात ऑक्सिजन जवळजवळ नसेल, म्हणजे पेट्रोल जास्त, मिक्स्चर रिच असेल, तर ०.८ ते ०.९ व्होल्ट. ऑक्सिजन उरला असेल, म्हणजे मिक्स्चर लीन असेल, तर ०.१ ते ०.२ व्होल्ट. मधली ०.४५ ही सीमारेषा. शुद्ध पेट्रोलसाठी ती एका भाग पेट्रोलला १४.७ भाग हवा, वजनानं, इथं येते.

ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा गाडीतला संगणक, ही रेषा सतत ओलांडत राहतो. लीन दिसलं की पेट्रोल जरा वाढवतो, रिच दिसलं की कमी करतो. त्यामुळे गरम इंजिनावर चांगल्या सेन्सरचा आकडा कधीच एका जागी थांबत नाही, तो सारखा खालीवर होतो. सगळी तपासणी या नाचावरच उभी आहे.

‘लीन’ म्हणजे पेट्रोल कमी, असं सेन्सर सांगत नाही. तो फक्त ‘ऑक्सिजन आहे’ एवढंच सांगतो. एखादा सिलिंडर मिसिंग करत असेल तर त्यातलं पेट्रोलही जळत नाही आणि हवाही तशीच बाहेर येते. सेन्सरला पेट्रोल दिसत नाही, हवा दिसते. तो लीन म्हणतो, ईसीयू आणखी पेट्रोल ओततो, प्लग काळे पडतात, अ‍ॅव्हरेज कोसळतं आणि दोष सेन्सरवर येतो. तसंच सेन्सरच्या आधी मॅनिफोल्डला तडा असेल तर धुराच्या प्रत्येक ठोक्यागणिक बाहेरची हवा आत ओढली जाते आणि पुन्हा तीच खोटी लीन.

आपल्या गाडीत किती आणि कुठले

कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या, म्हणजे धुरातले घातक वायू कमी करणाऱ्या डब्याच्या, आधी असतो तो पुढचा सेन्सर. पेट्रोलचं प्रमाण याच्या सांगण्यावर ठरतं. कन्व्हर्टरनंतर असतो तो मागचा, त्याचं मुख्य काम कन्व्हर्टरवर नजर ठेवणं. धुराच्या प्रदूषणाचे बीएस-४ नियम मोठ्या शहरांत एप्रिल २०१० पासून आणि देशभर एप्रिल २०१७ पासून आले. कन्व्हर्टरवर देखरेख ठेवणारी ओबीडी-२ पद्धत एप्रिल २०१३ पासून सक्तीची झाली. त्यामुळे त्याआधीच्या पुष्कळ गाड्यांत एकच सेन्सर सापडेल.

वायरी मोजा. एकच वायर असेल तर सेन्सरला हीटर नाही, तो धुराच्या उष्णतेवरच तापतो आणि त्याची अर्थ, म्हणजे निगेटिव्ह जोडणी, सायलेन्सरच्या पत्र्यातून मिळते. तीन वायरी म्हणजे सिग्नल आणि हीटरच्या दोन. चार वायरी म्हणजे सिग्नलची अर्थही वेगळी. चार वायरींमध्ये बॉश आणि एनटीके यांचे रंग सहसा असे: काळी सिग्नल, राखाडी सिग्नलची अर्थ, दोन पांढऱ्या हीटरच्या. डेन्सोमध्ये निळी सिग्नल, पांढरी अर्थ, दोन काळ्या हीटरच्या. काळी वायर एका कंपनीत सिग्नल आणि दुसरीत हीटर, हे विसरू नका. शिवाय हे रंग सेन्सरच्या बाजूचे आहेत. जोडाच्या पलीकडे गाडीच्या वायरिंगचे रंग निराळे असतात.

काही टोयोटा आणि होंडा गाड्यांमध्ये पुढच्या जागी साधा ऑक्सिजन सेन्सर नसून एअर-फ्यूएल रेशो सेन्सर असतो. तो ०.१ ते ०.९ असा नाचत नाही, त्यामुळे खालच्या व्होल्टेजच्या चाचण्या त्याला लावू नका. पुढच्या सेन्सरच्या पार्ट नंबरवरून तो कुठला आहे ते सुट्या भागांच्या दुकानात कळतं.

आयुष्याचा अंदाज हवा असेल तर हीटर नसलेला सेन्सर ५० ते ८० हजार किलोमीटर चालतो, हीटरवाला एक ते दीड लाखांपर्यंत. गाडी दीड लाख फिरली असेल आणि सेन्सर मूळचाच असेल, तर संशयाला जागा आहे. पण संशयावर पैसे खर्च करू नका.

हाताशी काय हवं

डिजिटल मल्टिमीटर, शक्यतो किमान-कमाल नोंदवणारा. काट्याचा जुना मीटर चालणार नाही, तो सेन्सरचा नाजूक सिग्नल स्वतःच ओढून खाली आणतो. गाडीच्या ओबीडी सॉकेटमध्ये लावायचा ब्लूटूथचा ईएलएम ३२७ अ‍ॅडाप्टर आणि फोनवर एखादं ओबीडी अ‍ॅप. मात्र २०१० च्या आधीच्या अनेक गाड्या या साध्या अ‍ॅडाप्टरला उत्तर देत नाहीत. त्यांना कंपनीचा किंवा गॅरेजमधला मल्टिब्रँड स्कॅनर लागतो. शिवाय दोन बारीक टाचण्या, टॉर्च, जाड हातमोजे आणि काढायची वेळ आलीच तर सेन्सरसाठीचा खाच असलेला २२ नंबरचा सॉकेट.

काम मोकळ्या जागेत करा. बंद पार्किंगमध्ये किंवा शटर ओढून इंजिन चालवू नका. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. गाडीखाली जायचं असेल तर नुसत्या जॅकवर विसंबू नका, घोड्या लावा.

पहिली पायरी: इंजिन थंड असताना डोळ्यांनी आणि कानांनी

थंड इंजिन सुरू करा आणि पहिल्या मिनिटात मॅनिफोल्डजवळ कान द्या. ‘टक् टक्’ किंवा ‘फुस् फुस्’ असा इंजिनाच्या ठोक्याबरोबर येणारा आवाज म्हणजे गळती. पत्रा तापला की तडा फुगून बंद होतो आणि आवाज गायब होतो, म्हणून ही तपासणी थंडपणीच करायची. मागे कुणी तरी सायलेन्सरच्या नळीचं तोंड जाड फडक्यानं क्षणभर अडवलं तर गळतीचा आवाज वाढतो. सांध्याभोवतीची काळी काजळी हीसुद्धा खूण.

मग सेन्सरची वायर शेवटपर्यंत हातानं चाचपा. ती गरम पाइपला टेकून वितळली आहे का, कुरतडलेली आहे का, जोडात हिरवट गंज किंवा पाणी आहे का? हीटरचा फ्यूज पाहा. अनेक गाड्यांत हीटर आणि इतर भाग एकाच फ्यूजवर असतात.

आणखी एक गोष्ट. गाडी गरम होते म्हणून थर्मोस्टॅट व्हॉल्व्ह काढून टाकायची आपल्याकडे जुनी सवय आहे. थर्मोस्टॅट नसलेलं इंजिन, विशेषतः थंडीत आणि हायवेवर, नीट तापतच नाही. ईसीयूला ते थंडच वाटतं, तो पेट्रोल जास्त देत राहतो आणि काही वेळा सेन्सरचं ऐकायलाच सुरुवात करत नाही. कूलंटचं तापमान पंधरा-वीस मिनिटांच्या ड्रायव्हिंगनंतरही ८० अंशांवर जात नसेल, तर आधी थर्मोस्टॅट बसवा. सेन्सरची तपासणी त्यानंतर.

दुसरी पायरी: कोड वाचा, पण नीट

स्कॅनरवर पी हे अक्षर आणि चार आकडे येतात. पुढच्या सेन्सरचे कोड असे. पी०१३०: सर्किटमध्ये गडबड. पी०१३१: व्होल्टेज सतत कमी. पी०१३२: सतत जास्त. पी०१३३: सेन्सर हळू प्रतिसाद देतो. पी०१३४: हालचालच नाही. पी०१३५: हीटरचं सर्किट. मागच्या सेन्सरसाठी हीच मालिका पी०१३६ ते पी०१४१.

यांपैकी पी०१३३ हा खऱ्या झिजेकडे सर्वांत सरळ बोट दाखवतो. पी०१३५ मध्ये दोष हीटर, फ्यूज किंवा वायर यांत असतो. पी०१३१ बरोबर पी०१७१, म्हणजे ‘मिक्स्चर लीन’, आला असेल तर घाई करू नका, सेन्सर खरं सांगत असण्याची शक्यता मोठी आहे. पी०३०० च्या घरातला, म्हणजे मिसफायरचा, कोड सोबत असेल तर प्लग, कॉइल आणि इंजेक्टर आधी पाहा. कोड लिहून ठेवा, फ्रीझ फ्रेम (कोड पडला त्या क्षणीची नोंद) असेल तर कुठल्या वेगाला, कुठल्या तापमानाला तो पडला तेही टिपा आणि मगच पुसा. न टिपता पुसलेला कोड म्हणजे हातचा पुरावा घालवणं.

तिसरी पायरी: लाइव्ह डेटा

गाडी पंधरा-वीस मिनिटं चालवून आणा. सीएनजी असेल तर पेट्रोलवर, आणि शक्यतो आधी कोड पुसून ५० एक किलोमीटर पेट्रोलवरच फिरवून. बाहेरून बसवलेल्या किटचं ट्यूनिंग बिघडलेलं असलं की पेट्रोलचा ईसीयू चुकीची दुरुस्ती शिकून बसतो आणि पेट्रोलवर आल्यावरही ती काही काळ तशीच राहते. जुन्या, साध्या मिक्सरच्या किटमध्ये तर सेन्सरची वायर कापून मध्ये एम्युलेटर, म्हणजे सेन्सरसारखा खोटा सिग्नल देणारी डबी, टाकलेला असतो. तसं असेल तर तुम्ही वाचताय तो आकडा सेन्सरचा आहे की त्या डबीचा, हे आधी ठरवा.

अ‍ॅपमध्ये फक्त चार गोष्टी निवडा: पुढच्या सेन्सरचं व्होल्टेज, शॉर्ट टर्म फ्यूएल ट्रिम, लाँग टर्म फ्यूएल ट्रिम आणि फ्यूएल सिस्टिमची स्थिती. स्थिती ‘क्लोज्ड लूप’, म्हणजे ईसीयू सेन्सरचं ऐकून पेट्रोल ठरवतोय, अशी दाखवत असली पाहिजे. जास्त गोष्टी निवडल्या की स्वस्त अ‍ॅडाप्टर प्रत्येकीला उशिरा विचारतो आणि धडधाकट सेन्सरही सुस्त दिसतो. वेग पाहताना तर फक्त व्होल्टेजचा एकच आलेख ठेवा.

इंजिन २५०० आरपीएमवर स्थिर धरा आणि दहा सेकंद मोजा. चांगला सेन्सर एवढ्यात ०.४५ ची रेषा आठ किंवा जास्त वेळा ओलांडतो, वर ०.८ च्या पुढे आणि खाली ०.२ च्या आत जातो. तीन-चारदाच ओलांडत असेल, किंवा ०.३ ते ०.६ च्या मध्येच लोळत असेल, तर तो थकला आहे. नुसत्या आयडलिंगवर मात्र निकाल देऊ नका, तिथं नाच मुळातच संथ असतो आणि हीटर नसलेला सेन्सर तर थंडही पडतो.

आता ट्रिम. ईसीयू ठरलेल्या हिशेबापेक्षा किती टक्के जास्त किंवा कमी पेट्रोल देतोय ते हा आकडा सांगतो. दोन्ही ट्रिमची बेरीज अधिक-उणे १० च्या आत असेल तर ठीक. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. त्याच्या एका भागाला पूर्ण जळायला १३.५ च्या आसपास भाग हवा लागते, म्हणजे तेवढ्याच हवेला पेट्रोल थोडं जास्त द्यावं लागतं. शुद्ध पेट्रोलच्या हिशेबानं बनलेल्या जुन्या गाडीत ट्रिम त्यामुळेच ८-९ टक्क्यांनी वर दिसू शकते, १० टक्के मिश्रणाच्या हिशेबाच्या गाडीत चारेक टक्क्यांनी. हा सेन्सरचा दोष नाही. सेन्सर आपलं काम चोख करतोय, याचाच तो पुरावा आहे.

ट्रिम अधिक १५-२० असेल तर आयडलिंगवरचा आणि २५०० वरचा आकडा ताडून पाहा. रेस वाढवल्यावर ट्रिम वाढत असेल तर फ्यूएल फिल्टर तुंबलाय किंवा पंप थकलाय. आयडलिंगवर जास्त आणि रेसवर कमी होत असेल तर व्हॅक्यूमची गळती, पण हा नियम एअर फ्लो मीटर, म्हणजे आत येणारी हवा थेट मोजणारा सेन्सर, असलेल्या गाड्यांचा. आपल्याकडच्या बहुतेक लहान गाड्यांत इनटेक मॅनिफोल्डमधला, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांमधला, दाब मोजणारा मॅप सेन्सर असतो. त्यांत गळती झाली की दाब वाढलेला दिसतो, ईसीयू त्या हिशेबानं पेट्रोलही वाढवतो, आणि ट्रिमपेक्षा वाढलेलं आयडलिंगच गळतीची चुगली करतं. परदेशी व्हिडिओ पाहून तपासणारे इथं हमखास फसतात.

चौथी पायरी: मल्टिमीटर आणि रेसचा झटका

स्कॅनर दाखवतो तो ईसीयूला पोहोचलेला आकडा. मीटर सेन्सरच्या दारातच मोजतो. दोन्हींत फरक आला तर दोष मधल्या वायरीत.

जोड सोडू नका. सिग्नलच्या वायरीला लागून जोडाच्या मागच्या बाजूनं टाचणी हलकेच आत सरकवा, धातूला टेकेपर्यंत. वायरीचं आवरण टोचू नका. कुपीच्या आतली ताजी हवा बहुतेक सेन्सरमध्ये वायरीच्या आवरणातूनच येते आणि त्या भोकातून पाणीही शिरतं. मीटर डीसी २ व्होल्टवर ठेवा. लाल टोक टाचणीला, काळं टोक सिग्नलच्या अर्थला किंवा बॅटरीच्या निगेटिव्हला. इंजिन गरम, २५०० वर, किमान-कमाल चालू करून एक मिनिट नोंद घ्या. किमान ०.२ च्या खाली, कमाल ०.८ च्या वर आणि सरासरी ०.४ ते ०.५ मध्ये आली पाहिजे. मीटरवरून वेग नीट कळत नाही. तो आलेखावर किंवा ऑसिलोस्कोपवर पाहायचा, जिथं चांगला सेन्सर लीनवरून रिचवर सेकंदाच्या दहाव्या भागात जातो.

मग झटका. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला. एक्सलेटर एकदम दाबून चार हजारांपर्यंत न्या आणि एकदम सोडा. दाबताना ईसीयू जादा पेट्रोल देतो, आकडा लगेच ०.८ च्या वर उडी मारायला हवा. सोडल्यावर पेट्रोल क्षणभर तुटतं, आकडा ०.१ च्या आसपास कोसळायला हवा. तीन-चार वेळा करा. दोन्ही दिशांना चपळाईनं जाणारा सेन्सर जिवंत आहे, मग कोड काहीही म्हणो.

आकडे असे वाचा. झटक्याला वर ०.६-०.६५ पर्यंतच पोहोचत असेल तर सेन्सर म्हातारा झाला. तो पुरेसं रिच कधी सांगतच नाही, म्हणून ईसीयू पेट्रोल वाढवत नेतो. शून्याच्या खाली, उणे ०.२ वगैरे दिसत असेल तर कुपीला तडा आहे किंवा आतल्या ताज्या हवेत तेलाची वाफ किंवा घाण शिरली आहे, सेन्सर बाद. सतत १.१ व्होल्टच्या वर असेल तर हीटरचा करंट सिग्नलमध्ये गळतोय, जोडात पाणी आहे का ते आधी पाहा. ०.४५ वर गोठलेला असेल तर बऱ्याच गाड्यांत तो ईसीयूनंच दिलेला व्होल्टेज असतो. सेन्सर गप्प आहे, थंड आहे किंवा वायर तुटली आहे.

सतत रिच दाखवत असेल आणि झटका सोडताना व्यवस्थित खाली येत असेल, तर गळका इंजेक्टर, वाढलेला फ्यूएल प्रेशर, उघडा अडकलेला कॅनिस्टरचा (टाकीतली पेट्रोलची वाफ साठवणाऱ्या डब्याचा) पर्ज व्हॉल्व्ह, पेट्रोल मिसळलेलं इंजिन ऑइल यांच्याकडे वळा.

पाचवी पायरी: हीटर

इंजिन बंद, सेन्सर थंड. जोड सोडा. सेन्सरच्या बाजूला एकसारख्या रंगाच्या दोन वायरींमध्ये ओहम मोजा. साधारण ३ ते २० ओहम यायला हवेत. गाडीच्या मॅन्युअलमधला आकडा मिळाला तर तोच प्रमाण. मीटर अनंत दाखवत असेल तर हीटरची तार तुटली. हीटरच्या वायरीपासून सेन्सरच्या लोखंडी अंगापर्यंत काहीच वाहता कामा नये. सिग्नलच्या वायरींवर मात्र ओहम मोजायला जाऊ नका, त्यातून काही कळत नाही आणि मीटरचा करंट सेन्सरला इजा करू शकतो.

मग गाडीच्या बाजूच्या जोडात, चावी ऑन करून, हीटरच्या एका पिनवर बॅटरीइतका व्होल्टेज येतो का पाहा. काही गाड्यांत तो इंजिन चालू असतानाच येतो. दुसऱ्या पिनची अर्थ ईसीयू ठोक्याठोक्यानं देतो, त्यामुळे तिथं कायमची अर्थ दिसली नाही म्हणून घाबरू नका.

नुसता हीटर गेला तरी गाडी चालते. थंडपणी सेन्सर उशिरा जागा होतो, तोवर ईसीयू अंदाजानं पेट्रोल देतो. रोज तीन-चार किलोमीटरच्या फेऱ्या असतील तर अ‍ॅव्हरेज त्यातच जातं. हायवेवर फरक जवळजवळ जाणवत नाही.

सहावी पायरी: दुसरा साक्षीदार

हीच पायरी बहुतेक जण गाळतात आणि हीच सर्वांत मोलाची. सेन्सर लीन म्हणतोय आणि ट्रिम अधिक २० आहे, तर प्लग काढून पाहा. प्लगचं नाक फिकट, पांढुरकं असेल तर सेन्सर खरा. चारही प्लग कोरड्या काजळीनं काळे असतील तर सेन्सर खोटं बोलतोय किंवा त्याच्याआधी हवा शिरतेय.

याहून पक्का साक्षीदार पीयूसी केंद्रात बसलेला आहे. पेट्रोल गाडी तपासणारं तिथलं यंत्र धुरातला कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन स्वतंत्रपणे मोजतं. बीएस-४ गाडीला आयडलिंगवर कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्के आणि हायड्रोकार्बन २०० पीपीएम ही मर्यादा आहे. २५०० आरपीएमच्या आसपास कार्बन मोनॉक्साइड ०.२ टक्के आणि लॅम्डा, म्हणजे प्रत्यक्ष हवा आणि पूर्ण जळायला लागणारी हवा यांचं गुणोत्तर, ०.९७ ते १.०३. इंजिन चांगलं गरम करून जा आणि नुसता ‘पास’ न घेता आकडे मागून घ्या. सेन्सर ०.१ व्होल्ट, म्हणजे लीन, दाखवतोय आणि पीयूसीत कार्बन मोनॉक्साइड दोन टक्के निघतोय, असं असेल तर वाद मिटला: इंजिन रिच आहे आणि पुढचा सेन्सर चुकतोय. हायड्रोकार्बन भरमसाट पण कार्बन मोनॉक्साइड कमी असेल तर ते मिसफायरचं लक्षण. लॅम्डा १.०३ च्या वर आणि बाकी सगळं स्वच्छ असेल तर सायलेन्सरला कुठं तरी भोक आहे. फक्त एक ध्यानात ठेवा, हे मोजमाप कन्व्हर्टरनंतरचं आहे. चांगला कन्व्हर्टर थोडीफार चूक पचवून टाकतो, म्हणून पीयूसी पास झाली तरी सेन्सर निर्दोष ठरत नाही.

मागच्या सेन्सरबद्दल थोडक्यात

त्यानं नाचायचं नसतं. गरम इंजिनावर, स्थिर रेसवर, तो ०.६-०.७ च्या आसपास शांत असावा. पुढच्यासारखाच खालीवर होत असेल तर कन्व्हर्टरचं काम संपत आलंय आणि पी०४२० कोड त्यामुळेच येतो. अशा वेळी मागचा सेन्सर बदलून काही होत नाही. झटक्याच्या चाचणीत तो थोडा उशिरा का होईना, वरखाली गेला की तो ठीक आहे.

काढायचा ठरला तर

आटे बहुतेक गाड्यांत १८ मिलिमीटर व्यासाचे, दीडच्या पिचचे असतात. आदल्या रात्री आट्यांवर गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. दुसऱ्या दिवशी इंजिन दोन-तीन मिनिटं चालवून बंद करा. पत्रा कोमट असताना सेन्सर सुटायला सोपा, पूर्ण थंड असताना आटे घेऊन येतो. हातमोजे घाला. जोर लावूनही हलला नाही तर पुन्हा तेल मारा, थोडं आवळा, थोडं सोडा. आटे फाटलेच तर त्याच मापाचा टॅप फिरवून साफ करता येतात.

बाहेर आलेल्या टोकाचा रंग वाचा, कारण नवा सेन्सरही त्याच कारणानं मरणार आहे. कोरडी काळी काजळी: मिक्स्चर रिच. हा सेन्सर मेलेला असेलच असं नाही, रिचचं कारण काढून गाडी तासभर हायवेवर पळवली की काजळी जळून जाते. तपकिरी किंवा राखाडी, कडक थर: इंजिन ऑइल जळतंय, व्हॉल्व्ह सील किंवा रिंगा पाहा. पांढरा, चुन्यासारखा लेप: सिलिकॉन, बहुधा गॅस्केटला फासलेल्या साध्या सिलिकॉन पेस्टमधून. इंजिनाला ‘सेन्सर सेफ’ लिहिलेलीच पेस्ट वापरायची ती यासाठी. पांढरट-हिरवट दाणे: कूलंट आत येतंय, हेड गॅस्केट तपासा. सिलिकॉन आणि कूलंटनं बाधलेला सेन्सर परत येत नाही. पेट्रोलमध्ये किंवा अ‍ॅसिडमध्ये बुडवून, ब्रश मारून सेन्सर ‘साफ’ करायचा उद्योग करू नका. त्यावरचा सच्छिद्र थर आणि प्लॅटिनम त्यातच जातं.

नवा घेताना गाडीच्या मूळ पार्ट नंबरशी जुळणारा, मूळ जोडासह येणारा घ्या. जोड कापून लावायचा युनिव्हर्सल सेन्सर घेतला तर हीटरचा ओहम जुन्याच्या जोडीचा असायला हवा, नाही तर पी०१३५ पाठ सोडत नाही. त्याच्या वायरी क्रिम्प करून जोडा. डाग दिला, म्हणजे सोल्डर केलं, तर आतली हवेची वाट बंद होऊ शकते. जोडात ग्रीस किंवा सिलिकॉन स्प्रेही नको, कारण तेच.

नव्या सेन्सरच्या आट्यांवर चिकट करडा लेप सहसा आधीच असतो. नसेल तर आटे जाम होऊ न देणाऱ्या अँटीसीझ पेस्टचा पातळ हात फक्त आट्यांवर द्या, टोकाला थेंबही लागता कामा नये. आधी हातानं पूर्ण फिरवा, मग मॅन्युअलप्रमाणे आवळा, साधारण ४० ते ५० न्यूटन-मीटर. वायरीला पीळ पडू देऊ नका आणि ती मूळच्या क्लिपांमध्येच अडकवा. सेन्सर हातातून फरशीवर पडला तर तो वापरू नका, आतली कुपी सिरॅमिकची आहे. याच कारणानं पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून गरम गाडी भरधाव नेली की चांगला सेन्सरही तडकतो.

बसवल्यावर

कोड आणि शिकलेल्या ट्रिम स्कॅनरनं पुसा. ती सोय नसेल तर जुन्या गाड्यांत बॅटरीची निगेटिव्ह पट्टी काही मिनिटं काढून ठेवली तरी बहुधा चालतं. कोड असलेला स्टिरिओ असेल तर त्याचा नंबर आधी शोधून ठेवा. मग ३० एक किलोमीटर, थोडं गावात, थोडं मोकळ्या रस्त्यावर फिरा आणि तिसरी व चौथी पायरी पुन्हा करा. जुन्याचे आकडे टिपलेले असतील तर फरक समोरासमोर दिसेल. ट्रिम अजूनही अधिक १५ च्या वरच असेल तर सेन्सर झिजलेला होता हे खरं, पण तो एकटाच दोषी नव्हता. फ्यूएल प्रेशर आणि गळतीकडे परत जा.

अ‍ॅव्हरेज अ‍ॅपवरून पाहू नका. त्याच पंपावर, नोझल आपोआप बंद होईपर्यंत टाकी भरा, किमान ३०० किलोमीटर चालवा, पुन्हा तशीच भरा आणि भागाकार करा. एका टाकीवरून नव्हे, दोन-तीन टाक्यांवरून निकाल घ्या.